मिरगी नव्हे, म्हणून ढोंग?

मी डॉक्टर नव्हे. माझे शिक्षण युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. काही वर्षांपूर्वी एका यंत्रमाग कारखान्यात रात्रपाळीचा एक कामगार फीट येऊन पडला. कुणी कांदा फोडून नाकाशी धरला, कुणी चप्पल हुंगवली. पुढे तपासणीत ‘मिरगी नाही’ असा निर्वाळा मिळाला आणि मालकांनी त्याला ढोंगी ठरवून कामावरून कमी केले. हा न्याय मला पटेना, म्हणून मी या रोगाचा इतिहास वाचावयास घेतला.

तो वाचता वाचता मी पॅरिसच्या साल्पेत्रियेर रुग्णालयात जाऊन पोहोचलो. ही जागा मूळची बंदुकीच्या दारूच्या कारखान्याची; सोऱ्यावरून तिला नाव पडले. तेथे १८६२ पासून झां-मार्तं शार्को हा वैद्य काम करीत होता. १८७० च्या सुमारास तेथील एक इमारत मोडकळीस आली, तेव्हा व्यवस्थापकांनी अपस्माराच्या आणि हिस्टेरियाच्या स्त्रिया एकाच विभागात आणून ठेवल्या. रोज डोळ्यांदेखत फेफरे पाहणाऱ्या हिस्टेरियाच्या मुलींचे झटकेही तसेच होऊ लागले. त्यांतल्या कितीजणी हे जाणून करीत होत्या? माझ्या मते फारच थोड्या. शेजारच्या खाटेवरचे दुःख अंगात कसे उतरते, हे आम्ही चाळीत राहिलेली माणसे जाणतो.

शार्कोने थर्मामीटर लावून पाहिला. फेफऱ्यावर फेफरे येत राहिले की ताप चढतो. हिस्टेरियाच्या झटक्यांची रांग लागली तरी तो फारसा चढत नाही, असे त्याला आढळले. हिस्टेरिया हा केवळ बायकांचा आजार, ही समजूतही त्याने मोडली. अपघातात सापडलेले धट्टेकट्टे मजूर त्याने व्याख्यानात पुढे उभे केले. मात्र नामांकित रोगिणींचे झटके तो भरसभेत दाखवी, ते मला आवडत नाही. १८९३ मध्ये तो वारला.

खरा निवाडा यंत्राने दिला. जर्मनीत हान्स बेर्गरने १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूचे विद्युत्तरंग प्रथम टिपले आणि १९२९ मध्ये ते प्रसिद्ध केले. आज रोग्याचे चित्रण आणि आलेख एकाच वेळी घेतात. झटक्यात अपस्माराचे तरंग दिसत नाहीत, डोळे घट्ट मिटलेले असतात, हालचाल थांबतथांबत होते, अशा खुणा एकत्र जमल्या म्हणजे डॉक्टर त्याला कार्यात्मक झटका म्हणतात. एखादी खूण एकटी पुरत नाही; काही अपस्मारांत डोक्यावरचा आलेख स्वच्छच राहतो. काहींना दोन्ही विकार असतात.

अपस्मारावर १८५७ पासून ब्रोमाइड, १९१२ पासून फेनोबार्बिटल, १९३८ पासून फेनिटॉइन अशी औषधे येत गेली. कार्यात्मक झटक्यांवर ती चालत नाहीत. तेथे आजार नीट समजावून सांगणे आणि मानसोपचार हेच उपाय. ब्रिटनमध्ये ३६८ रोग्यांवर झालेल्या चाचणीचा निष्कर्ष २०२० मध्ये आला: वर्षाअखेर दोन गटांतील झटक्यांच्या संख्येत ठाम फरक पडला नाही, पण मानसोपचार घेतलेल्यांचे रोजचे जगणे सुधारले.

आमच्या कामगाराच्या बाबतीत मालकांशी तीन बैठका झाल्या. शेवटी त्याला दिवसपाळीवर, मागापासून दूर, कापडाच्या घड्या घालण्याच्या कामावर घेतले. झटके अजून येतात, पण कमी. आता कुणी चप्पल आणत नाही. त्याला कुशीवर वळवतात आणि वेळ पाहतात.