गैरहजर ठेवीदार

मनुष्य आपल्या गांवीं राहत असतां पेढीची निवड अशी करीतच नाहीं. ती निवड त्याच्यासाठीं गांवानेंच करून ठेविलेली असते. कोणाचें दुकान किती पिढ्यांचें आहे, कोणाच्या दारीं जप्तीचा बेलीफ येऊन गेला, कोणाचा शब्द बाजारांत चालतो, हें सर्व त्यास येतां-जातां कळत असतें. तोच मनुष्य पोटापाण्यासाठीं परदेशीं गेला म्हणजे त्याची ही न दिसणारी शिदोरी संपते. ज्या गांवीं तो राहतो तेथील बँका त्याच्या ओळखीच्या नसतात, आणि ज्या गांवची बँक ओळखीची असते तेथें तो राहत नसतो. अशा स्थितींत जन्माची मिळकत कोणाच्या हवालीं करावी, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाहीं.

वसईचा इतिहास म्हटला म्हणजे १७३९ चा वेढा आणि १८०२ चा तह एवढ्या दोन गोष्टी आमच्या बहुतेक वाचकांस आठवतील. पैशाअडक्याचा इतिहास लढायांच्या इतिहासापुढें रुक्ष वाटतो, हें खरें. तथापि वर सांगितलेला प्रश्न वसईनें दोन्ही बाजूंनीं पाहिला आहे. एके कालीं समुद्रापलीकडचे लोक येथें परदेशस्थ म्हणून राहत होते. पुढें येथलेच लोक समुद्रापलीकडे जाऊन परदेशस्थ झाले. या दोन अनुभवांत चारशें वर्षांचें अंतर आहे, परंतु अडचण एकच आहे.

१५३४ च्या डिसेंबरांत गुजराथचा सुलतान बहादुरशहा यानें वसई व तिच्याखालील मुलूख पोर्तुगीजांस दिला. तेथपासून सुमारें दोनशें पांच वर्षें वसई हें त्यांच्या उत्तर प्रांताचें मुख्य ठाणें होतें. लिस्बनहून गोव्यास यावयास जहाजास सहा-सहा महिने लागत. पाठविलेल्या पत्राचें उत्तर येईतों दीड-दोन वर्षें सहज जात. येथें आलेला शिपाई किंवा व्यापारी तापानें मेला, तर त्याची चीजवस्तु त्याच्या विधवेच्या किंवा आईच्या हातीं कोणीं व कशी पोंचवावयाची? हें काम ‘मिसेरिकोर्दिया’ नांवाच्या धर्मार्थ संस्थेकडे आलें. ही संस्था लिस्बनमध्यें १४९८ सालीं निघाली. आजाऱ्यांची शुश्रूषा, कैद्यांस अन्न व बेवारशी मृतांस मूठमाती हीं तिचीं मूळचीं कामें. पोर्तुगीज जेथें जेथें वसले तेथें तेथें तिच्यासारख्या संस्था निघाल्या. गोव्यांत निघाली, वसईंतहि निघाली. मृताच्या मालमत्तेची रक्कम गोव्याच्या संस्थेनें लिस्बनच्या संस्थेकडे धाडावी व तिनें वारसांचा शोध करून ती त्यांस द्यावी, अशी व्यवस्था असे.

ही व्यवस्था नेहमीं निर्मळ होती असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु लोकांनीं तिच्यावर विश्वास कां ठेविला, हें पाहण्यासारखें आहे. संस्थेचें एक टोंक या किनाऱ्यावर होतें व दुसरें टोंक त्या किनाऱ्यावर. तिचे अधिकारी दरवर्षीं निवडले जात. आणि तिचे नियम लेखी होते. म्हणजे वारसाची येथें कोणाशीं ओळख असण्याची जरुरी नव्हती. ओळखीची जागा नियमानें भरून काढिली होती. उलट ज्यांनीं आपलें सर्वस्व वसईच्या जमिनींत गुंतविलें त्यांची काय गत झाली? १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी अप्पांनीं किल्ला घेतला तेव्हां पोर्तुगीजांस आपली जंगम मालमत्ता घेऊन जाऊं दिलें. पण भाताचीं खाचरें आणि नारळीच्या बागा कोणास गलबतांत घालून नेतां येतात?

आमच्याकडील सराफांनीं हाच प्रश्न निराळ्या रीतीनें सोडविला होता. हुंडी दर्शनी असली तर दाखवितांच व मुदती असली तर मुदत भरल्यावर तिचा भरणा होई. परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीनें सर्वांत मौजेची ती ‘शहाजोग’ हुंडी. शहा म्हणजे बाजारांत पत असलेला मनुष्य. अशा हुंडीची रक्कम त्याच्याच हातीं द्यावयाची. पुढें हुंडी खोटी निघाली तर ती रक्कम परत करण्याची जबाबदारीहि त्या शहावर. दूर देशीं असलेल्या माणसाच्या गैरहजेरींत त्याच्या पैशाकडे कोणीतरी जबाबदार माणसानें पाहावें, हेंच त्यांतलें तत्त्व. मिसेरिकोर्दियाचा भर नियमावर, तर हुंडीचा भर माणसावर. परदेशस्थाच्या पेढीचा पुढला सर्व इतिहास या दोन टोंकांमध्यें हेलकावे खात गेलेला आम्हांस दिसतो.

विसाव्या शतकाच्या आरंभीं स्वदेशी चळवळीच्या भरांत देशांत पुष्कळ बँका निघाल्या आणि १९१३ सालीं त्यांतल्या अनेक कोसळल्या. मुंबईची इंडियन स्पीशी बँक चांदीच्या सट्ट्यांत त्याच वर्षीं बुडाली. मोठ्या इमारतीवरून आणि छापील पत्रकावरून बँकेची परीक्षा होत नाहीं, हा धडा मध्यम स्थितींतल्या कुटुंबांनीं तेव्हां फार महाग किमतीस घेतला. याच सुमारास दुसरी एक वाट मोकळी होत होती. बडोद्यास विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांनीं १८८९ सालीं ‘अन्योन्य सहकारी मंडळी’ काढिली होती. १९०४ व १९१२ च्या कायद्यांनीं अशा मंडळ्यांस सरकारी आधार मिळाला. वसईंत पापडी येथें १९१८ सालीं मोन्सिन्योर पी. जे. मोनिस यांनीं कॅथॉलिक सहकारी पतपेढीचा पाया घातला. तीच पुढें बसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक झाली. मुंबईची सारस्वत बँकहि त्याच वर्षींची. केळी, पानवेली, फुलें व भाजीपाला यांवर जगणाऱ्या वसईच्या बागाइतदारास सावकाराच्या व्याजांतून सोडवावें, हा त्या खटपटीचा हेतु होता.

अशा पेढीचें बळ तिच्या तिजोरींत नसतें. तें शेजाऱ्यांच्या डोळ्यांत असतें. कर्ज मागणारा कोण, त्याची बाग कशी, त्याचा बाप कसा होता, हें समितीवरील मंडळींस ठाऊक असतें. समिति कशी वागते हें सभासदांस दिसतें, आणि वार्षिक सभेंत प्रत्येकास, मग त्याचे भाग कितीहि असोत, एकच मत असतें. पण तें मत स्वतः हजर राहून द्यावें लागतें; दुसऱ्याच्या हातीं देतां येत नाहीं. येथेंच परदेशस्थाची गोष्ट निराळी होते. ज्या डोळ्यांवर ही पेढी उभी, त्या डोळ्यांत त्याचे डोळे नसतात. बँक त्यास ओळखते, त्याच्या आईस ओळखते. पण तो बँकेस पूर्वीं ओळखीत असे तितकें आतां ओळखीत नाहीं. तो सभासद असला तरी गैरहजर सभासद.

वसईचीं माणसें आखाती देशांत नोकरीस जाऊं लागलीं, त्या हकीकतीस एक चमत्कारिक पूर्वपीठिका आहे. इराणी आखाताच्या अरबी किनाऱ्यावर पुष्कळ वर्षें आपला रुपयाच चालत असे. बहारीन येथें ईस्टर्न बँकेनें १९२० सालीं पेढी घातली तेव्हां तिचा व्यवहार रुपयांतलाच होता. १९५९ सालीं हिंदुस्थान सरकारनें त्या भागापुरत्या निराळ्या नोटा काढिल्या. कुवेतनें १९६१ सालीं आपला दिनार सुरू केला. १९६६ च्या जून महिन्यांत रुपयाची किंमत उतरविली गेली तेव्हां उरलेल्या बहुतेक संस्थानांनीं रुपया सोडला, आणि १९७० सालीं ओमाननेंहि तो सोडला. म्हणजे १९७३ नंतर तेलाचे भाव चढून आमच्याकडील माणसांचा लोंढा तिकडे लागला, तेव्हां त्याच्या मजुरीचें नाणें व घरखर्चाचें नाणें हीं वेगवेगळीं झालेलीं होतीं. पूर्वीं एकच प्रश्न होता, पैसे सुरक्षित कोठें राहतील. आतां त्यास दुसरा जोडला गेला, ते कोणत्या नाण्यांत राहावे.

सरकारनें या दुसऱ्या प्रश्नासाठीं १९७० पासून अनिवासी हिंदी लोकांकरितां ‘एन. आर. ई.’ खात्याची सोय केली. परदेशांतून आलेली रक्कम तींत रुपयांत राहते, केव्हांहि परत बाहेर नेतां येते व तिच्या व्याजावर येथें प्राप्तिकर लागत नाहीं. गांवीं येणारें भाडें किंवा शेतीचें उत्पन्न यांसाठीं ‘एन. आर. ओ.’ खातें निराळें. त्यावरील व्याजास कर लागतो. मनुष्य परदेशीं राहावयास गेला म्हणजे त्याचें गांवचें जुनें खातें या सदरांत बदलावें लागतें, ही गोष्ट पुष्कळांच्या घरीं कोणी लक्षांत घेत नाहीं. शिवाय नागरी सहकारी बँकेस अनिवासी माणसाचें एन. आर. ई. खातें ठेवावयाचें तर त्यास रिझर्व्ह बँकेची अनुमति लागते. ती कांहींस आहे, सर्वांस नाहीं. तेव्हां गांवच्या बँकेची निवड करतांना प्रेमाच्या आधीं हा प्रश्न विचारणें भाग आहे.

आणि परक्या देशांतली बँक? तिची परीक्षा लागोपाठ दोन वर्षांत झाली. २ ऑगस्ट १९९० रोजीं इराकनें कुवेत घेतलें. जगांतल्या महागांत महाग नाण्यांपैकीं एक असलेला कुवेती दिनार प्रथम इराकी दिनाराच्या बरोबरीस आणिला गेला व मग चलनांतून काढून टाकिला गेला. एक लाखाहून अधिक हिंदी लोक अम्मानमार्गें विमानांनीं मुंबईस आणिले गेले; त्यांतल्या अनेकांजवळ अंगावरच्या कपड्यांखेरीज कांहीं नव्हतें. देश सुटल्यावर १९९१ सालीं नव्या नोटा निघाल्या व बँकाहि उघडल्या, हें खरें. पण मधल्या महिन्यांत ज्यानें दरमहा घरीं रक्कम धाडिली होती त्याच्या घरची चूल पेटली, आणि ज्यानें सर्व तेथेंच ठेविली होती त्यास वाट पाहावी लागली.

दुसरी परीक्षा ५ जुलै १९९१ ची. ‘बँक ऑफ क्रेडिट अँड कॉमर्स इंटरनॅशनल’ ही आगा हसन अबेदी यांनीं १९७२ सालीं काढिलेली बँक त्या दिवशीं अनेक देशांच्या अधिकाऱ्यांनीं एकदम बंद केली. विलायतेंतल्या दक्षिण आशियांतील दुकानदारांनीं व आखातांतल्या चाकरमान्यांनीं तिच्यांत पैसे ठेविले होते, कारण तेथें आपल्यासारखीं माणसें बसत व आपली भाषा बोलत. परक्या मुलखांत आपली भाषा ऐकूं येणें याचें मोल आम्ही जाणतों. पण भाषा ही जामीन होऊं शकत नाहीं. विलायतेंतल्या ठेवीदारास तेथील कायद्यानें पहिल्या वीस हजार पौंडांपैकीं पाऊण हिस्सा, म्हणजे फार तर पंधरा हजार पौंड, भरपाई मिळाली. उरलेल्या रकमेसाठीं वर्षानुवर्षें थांबावें लागलें.

मग परक्या बँकेवर विश्वास न ठेवतां सर्व गांवींच धाडावें काय? या समजुतीसहि इतिहासाचा आधार नाहीं. केरळांतली पलई सेंट्रल बँक १९६० सालीं बुडाली. तिच्यामागून १९६२ च्या आरंभापासून आपल्याकडे ठेवींचा विमा सुरू झाला आणि १९६८ च्या कायद्यानें तो सहकारी बँकांसहि लागू करण्याची सोय झाली. प्रारंभीं ही हमी माणशीं पंधराशें रुपयांची होती. २०२० च्या फेब्रुवारीपासून ती मुद्दल व व्याज मिळून प्रत्येक बँकेमागें पांच लाखांची आहे. तत्पूर्वीं थोडेच दिवस, २३ सप्टेंबर २०१९ रोजीं, पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले. एकाच बांधकाम समूहास दिलेलीं कर्जें खोट्या खात्यांखालीं झांकून ठेविलीं होतीं. ठेवीदारांस प्रथम सहा महिन्यांसाठीं केवळ एक हजार रुपये काढण्याची मुभा मिळाली. २०२२ च्या जानेवारींत ती बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेंत विलीन झाली. परंतु मोठ्या ठेवींची फेड दहा वर्षांपर्यंत लांबविली गेली. या बँकेच्या दारापुढें जे लोक उभे राहिले ते परदेशस्थ नव्हते, रोज त्या दारावरून जाणारे होते. नुसत्या जवळ राहण्यानें दिसत नाहीं असेंहि कांहीं असतें.

तात्पर्य, मिसेरिकोर्दियाचा नियम आणि हुंडीचा शहा या दोहोंपैकीं एकावर सर्व भार टाकणें इष्ट नाहीं. जेथें राहावयाचें तेथली बँक पगार घेण्यासाठीं, घरभाडें व रोजचा खर्च भागविण्यासाठीं हवी. ती निवडतांना दुकानाचा थाट पाहूं नये. ठेवीस त्या देशाच्या कायद्याची हमी किती, आणि एकाएकीं देश सोडावा लागला तर रक्कम कोणत्या मार्गानें बाहेर पडेल, हें विचारावें. गांवची बँक घरच्या माणसांसाठीं हवी, तेथें एन. आर. ई. खात्याची अनुमति, हमीची मर्यादा, आणि आपल्या पश्चात् रक्कम कोणास मिळेल त्याची लेखी नोंद, एवढें पाहिल्याशिवाय ठेव ठेवूं नये. हमीच्या मर्यादेबाहेरची रक्कम एका दारीं ठेवणें म्हणजे सगळी नारळीची बाग पुन्हा एकाच किल्ल्याच्या भरंवशावर सोडणें होय.

गांवच्या पेढीवरचें प्रेम सोडावें असें यांत आम्हीं कोठेंहि सुचविलें नाहीं. जी पेढी शंभर वर्षांपूर्वीं बागाइतदाराची मान सावकाराच्या हातून सोडविण्यास निघाली, तिच्यासारख्या संस्थांत परदेशस्थाचा पैसा आला तर त्यांतून गांवांतल्याच कोणाची विहीर बांधली जाते, कोणाच्या मुलीचें शिक्षण होतें. हा लाभ दूरच्या बँकेकडून होणारा नाहीं. परंतु जो स्वतः हजर नाहीं त्याच्या पैशाची राखण करावयास दुसरा कोणीतरी हजर असला पाहिजे. आणि तो कोण, हें गैरहजर ठेवीदारानें निघण्यापूर्वींच ठरवावें.