विद्यापीठीय रंग व शुभंकर

विद्यापीठाच्या वा महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी सामूहिक ओळख म्हणून धारण केलेले ठरावीक रंग, तसेच आपल्या संघाला यश देणारा म्हणून मानलेला प्राणी वा आकृती. ढालचिन्ह व बोधवाक्य संस्था विचारपूर्वक ठरविते. रंग व शुभंकर मात्र बहुधा विद्यार्थ्यांच्या खेळांतून, पुष्कळदा योगायोगाने, निर्माण झाले व त्यांना संस्थांची मान्यता मागाहून मिळाली.

रंगांच्या प्रथेचा उगम मुख्यत्वे नौकास्पर्धांत आढळतो. काठावरील प्रेक्षकांना दुरून नावा ओळखता याव्यात, ही त्यामागील साधी गरज. ऑक्सफर्ड व केंब्रिज यांच्यातील पहिली शर्यत १८२९ मध्ये हेन्ली येथे झाली. तीत ऑक्सफर्डच्या वल्हेकऱ्यांच्या सदऱ्यांवर गडद निळे पट्टे होते. केंब्रिजचा फिका निळा रंग १८३६ च्या दुसऱ्या शर्यतीत नावेच्या नाळेवर बांधलेल्या फितीपासून रूढ झाला, असे सांगतात. अमेरिकेतील हार्व्हर्डच्या रंगाची कथाही अशीच आहे. १८५८ मध्ये बॉस्टन येथील शर्यतीपूर्वी चार्ल्स एलियट व बेंजामिन क्राउनिनशील्ड यांनी आपल्या संघासाठी तांबडे रेशमी रुमाल विकत आणले. एलियट पुढे चाळीस वर्षे (१८६९–१९०९) हार्व्हर्डचे अध्यक्ष होते. तथापि किरमिजी रंगास अधिकृत मान्यता मिळाली ती १९१० मध्ये.

शुभंकराची कल्पना त्यामानाने अलीकडची. या अर्थाचा ‘मॅस्कॉट’ हा शब्द ओद्राँ या फ्रेंच संगीतकाराच्या १८८० च्या संगीतिकेमुळे सर्वत्र पसरला. १८८९ पासून येल विद्यापीठाच्या सामन्यांना नेला जाणारा ‘हँडसम डॅन’ हा बुलडॉग महाविद्यालयीन शुभंकरांतील आद्य मानला जातो.

महाराष्ट्रात ही प्रथा तितकीशी रुजली नाही. याचे कारण खेळांविषयीच्या अनास्थेत नसून विद्यापीठाच्या घडणीत आहे. १८५७ मध्ये स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर मुख्यतः परीक्षा घेणारे होते. विखुरलेल्या महाविद्यालयांतील विद्यार्थी एकत्र येत ते पदवीदान समारंभास. त्यामुळे रंगांना स्थान मिळाले ते विद्याशाखेनुसार बदलणाऱ्या पदवीवस्त्रांत.

येरवडा येथील डेक्कन कॉलेजचे उदाहरण या दृष्टीने उद्‌बोधक आहे. विश्रामबागवाड्यात १८२१ मध्ये सुरू झालेल्या पाठशाळेतून हे महाविद्यालय विकसित झाले व १८६८ मध्ये येरवड्याच्या गॉथिक शैलीतील वास्तूत आले. इमारतीसाठी सर जमशेटजी जीजीभाई यांची देणगी लाभली होती. येथे वसतिगृह होते, जवळून मुळा-मुठा वाहत होती. म्हणजे इंग्लंडमध्ये ज्या परिस्थितीतून रंग जन्मले, तीच येथेही होती. परंतु टिळक व आगरकर यांच्या पिढीने वसतिगृहातील सहवासातून बाहेर नेले ते शाळा काढण्याचे मनोरथ. न्यू इंग्लिश स्कूल (१८८०) हे त्याचे फलित होय. महाविद्यालयाची खूण म्हणून लोकांच्या स्मरणात राहिली ती टिळकांची खोली.

सरकारने १९३४ मध्ये हे महाविद्यालय बंद केले. आंतरविद्यापीठीय क्रिकेटचा रोहिंटन बारिया करंडक सुरू झाला तो १९३५ मध्ये, म्हणजे येरवड्याचे वर्ग ओस पडल्यानंतर. माजी विद्यार्थ्यांच्या चिकाटीमुळे १९३९ मध्ये संस्था पुन्हा उघडली. मात्र ती पदव्युत्तर अध्ययन व संशोधनाची संस्था म्हणून. भाषाशास्त्र, पुरातत्त्व व संस्कृत महाकोश ही तिची नवी ओळख. तिला १९९० मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

नदीच्या वरच्या अंगास, संगमाजवळ, अभियांत्रिकी महाविद्यालयाने (२०२२ पासून विद्यापीठ) नौकानयनाची परंपरा व वार्षिक रेगाटा जोपासला. शुभंकर पुण्यात ठळकपणे अवतरला तो विद्यापीठांमार्फत नव्हे, तर २००८ च्या राष्ट्रकुल युवा क्रीडास्पर्धांत : बालेवाडीचा ‘जिगर’ नावाचा वाघ.