‘बोर्ड’ : चार ओळींवरील भाष्य

‘बोर्ड’ या इंग्रजी शब्दाचे अर्थ कोशात क्रमांक घालून एकाखाली एक दिलेले असतात. त्यामुळे ते एकमेकांचे कोणीच लागत नाहीत असे वाटते. त्यांचे नाते उलगडावे म्हणून पुढील चार ओळी मुद्दाम रचल्या आहेत.

‘द बोर्ड मेट’

मंडळाची बैठक भरली, हा सरळ अर्थ. जुन्या इंग्रजीत मात्र बोर्ड म्हणजे लाकडाची फळी. मध्ययुगात मोठ्या दालनांत लाकडी घोड्यांवर फळ्या टाकून मेज मांडत आणि जेवणे झाली की उचलून ठेवत. फळीचे मेज झाले. पुढे मेजाभोवती बसणाऱ्यांनाच मेजाचे नाव मिळाले. ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर देखरेख ठेवण्यासाठी 1784च्या कायद्याने नेमलेले ‘बोर्ड ऑफ कंट्रोल’ याच अर्थाचे. आपल्या दहावीच्या परीक्षेचे बोर्डही त्याच कुळातले.

‘ऑन बोर्ड;’

जहाजावर. येथे ‘डेकच्या फळ्यांवर’ असा अर्थ लावण्याचा मोह होतो, पण तो मला ग्राह्य वाटत नाही. जुन्या इंग्रजीत याच रूपाचा दुसरा एक शब्द होता : जहाजाची कड. ‘ओव्हरबोर्ड’ म्हणजे ती कड ओलांडून पाण्यात. ‘स्टारबोर्ड’मध्ये तर ताऱ्याचा काही संबंध नाही, सुकाणूचे वल्हे उजवीकडे असे, म्हणून ती सुकाणूची बाजू. डावीला ‘लारबोर्ड’ म्हणत. दोन्ही नावे कानाला इतकी सारखी की आज्ञा देताना घोटाळा व्हायचा. अखेर 1844 साली ब्रिटिश आरमाराने डावीसाठी ‘पोर्ट’ हाच शब्द वापरण्याचा हुकूम काढला.

‘बोर्ड वॉज फ्री,’

‘फळा मोकळा होता’ असा अर्थ येथे कोणी केला तर ओळच वाया जाईल. जेवण फुकट होते, हा अर्थ. मेजाचे नाव मेजावरच्या अन्नाला मिळाले, जसे आपण ‘पंगतीत पन्नास पाने झाली’ म्हणतो आणि जेवणारे मोजतो. ‘बोर्डिंग अँड लॉजिंग’च्या पाटीत पहिला शब्द जेवणाचा, दुसरा मुक्कामाचा.

महाराष्ट्रात या अर्थाला फार मोठे मोल आले. राजर्षी शाहू महाराजांच्या पाठबळाने कोल्हापुरात 1901पासून निरनिराळ्या समाजांची विद्यार्थी वसतिगृहे उभी राहिली. त्यांना लोक ‘बोर्डिंग’च म्हणत. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 साली साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी बोर्डिंग काढले. मुलांच्या जेवणाची सोय होईना तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा. बोर्डिंगचा अर्थ ‘राहण्याची जागा’ एवढाच देणारे आपले कोश म्हणूनच मला अपुरे वाटतात. खेड्यातल्या मुलाचे शिक्षण अडत होते ते छपराइतकेच दोन वेळच्या भाकरीपायी, आणि ती भाकरी या शब्दात आहे.

‘अँड ऑल वॉज अबव्ह बोर्ड.’

सारे उघड, चोख होते. काही जण येथेही जहाज पाहतात. परंतु सॅम्युअल जॉन्सनने 1755च्या आपल्या कोशात हा प्रयोग जुगाऱ्यांकडून आल्याचे नोंदवले आहे : हात मेजाखाली गेले की पत्ते बदलले जातात. तेव्हा इथला बोर्ड पहिल्या ओळीतलाच, मेजाचा, दुसरीतला नव्हे.