चाकोरी आणि रबरी चाक

मोठ्या शहरांतील कांहीं हौशी तरुण हल्लीं भक्कम बांध्याची मालवाहू मोटार विकत घेतात, तिचीं मूळचीं चाकें उतरवून त्याहून रुंद व उंच टायर चढवितात, मागच्या हौद्यांत अंथरूण, शेगडी आणि पाण्याचें पिंप बसवितात, आणि डांबरी रस्ता सोडून माळावर नाहींतर नदीकांठीं मुक्कामास जातात. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें अशी आपली मोटार मला मोठ्या कौतुकानें दाखविली. ती पाहतांना राहून राहून वाटलें, कीं आमच्या कसबा बावड्याला हें कांहीं नवें नाहीं. चाक बदलून, संसार वाहनावर लादून, मुक्कामामागून मुक्काम करीत येणारीं माणसें बावड्याच्या साखर कारखान्याच्या तळावर मी लहानपणापासून पाहत आलों आहें. फरक इतकाच, कीं त्यांच्या वाहनाला इंजिनाऐवजीं दोन बैल असत, आणि त्यांची ती हौस नव्हती. त्या रबरी चाकाच्या गाडीची हकीगत आज सांगावयाची आहे.

आरंभ लांकडी चाकापासून केला पाहिजे. बाभळीचा तुंबा, त्यांत ठोकलेले आरे, आऱ्यांवर जुळविलेले पाटे, आणि या सर्वांना आवळून धरणारी लोखंडी धाव. धाव बसविणें हा गांवांतला एक सोहळाच असे. शेणीच्या जाळांत ती लालबुंद होई. सुतार व लोहार ती सांडशीनें उचलून चाकावर बसवीत, घणाचे ठोके पडत, आणि लगोलग घागरीमागून घागरी पाणी ओतलें जाई. लोखंड आकसूं लागलें कीं सगळे सांधे करकरून आवळले जात. आम्ही पोरें शाळा बुडवून तें पाहत असूं. मास्तरानें ही कबुली देऊं नये, पण आतां पेन्शन चालू आहे. हें चाक छातीइतकें उंच असल्यामुळें खांचखळगे सहज ओलांडी. पण धाव रुंदीला दोनतीन बोटें! भरल्या गाडीचें सगळें ओझें त्या अरुंद पट्टीवर एकवटे, आणि पंचगंगेकांठच्या काळ्या मातींत ती सुरीसारखी उतरे. एका गाडीच्या खांचेंतून दुसरी जाई, दुसरीमागून तिसरी, आणि खांच खोल होत जाई. तिलाच आपण चाकोरी म्हणतों. चाकोरी सोडा, असें व्याख्यानांतून सांगणें सोपें आहे; चिखलांत रुतलेल्या गाडीला ती सोडतां येत नसे.

मोटारी आल्या तेव्हां हा प्रश्न सरकारदरबारीं जाऊन पोहोंचला. १९२७ सालीं रस्त्यांच्या सुधारणेसाठीं नेमलेल्या समितीचे अध्यक्ष बॅरिस्टर मुकुंदराव जयकर होते. त्यांच्या समितीच्या शिफारशीवरून पेट्रोलवरील कराचा पैसा रस्त्यांकडे वळविणारा मध्यवर्ती रस्तेनिधि १९२९ सालीं उभा राहिला. पण मोटारीच्या पैशानें बांधलेल्या रस्त्यावरून लोखंडी धावेच्या बैलगाड्याही जाणारच. रस्ता पक्का करावा, तसें चाकही बदलावें, हा विचार मग ओघानेंच आला.

हवा भरलेलें रबरी चाक तोंवर जुनें झालें होतें. रॉबर्ट थॉमसन या स्कॉटिश गृहस्थानें १८४५ सालींच त्याचें पेटंट घेतलें होतें, परंतु तें लोकांच्या विस्मरणांत गेलें. पुढें १८८८ सालीं बेलफास्टच्या जॉन डनलॉप नांवाच्या पशुवैद्यानें आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीला तसेंच चाक बसविलें. मुलाला हादरे बसूं नयेत, एवढाच त्याचा हेतु होता. पण या चाकाचा खरा गुण निराळाच आहे. टायरमधील हवेचा दाब निम्मा केला, तर त्याचा जमिनीला टेकणारा भाग सुमारें दुप्पट होतो, आणि तेंच ओझें दुप्पट जागेवर पसरतें. इंग्रजी सैन्यांतील राल्फ बॅग्नोल्ड या अधिकाऱ्यानें १९३० च्या सुमारास लिबियाच्या वाळवंटांत साध्या फोर्ड मोटारी नेल्या, त्या याच युक्तीनें. टायरमधील हवा कमी करावयाची, गाडीचा अनावश्यक भाग काढून टाकावयाचा, चाक रुतलें तर त्याखालीं पोलादी पन्हळी घालावयाच्या, इंजिनांतून वाफ होऊन जाणारें पाणी पुन्हां धरून ठेवावयाचें. १९४० सालीं त्यानें उभारलेल्या सैनिकी पथकाच्या ट्रकांनीं या युक्त्या युद्धांत वापरल्या. आजच्या हौशी मंडळींची विद्या बरीचशी तेथूनच आलेली आहे. मात्र चाक मोठें केलें कीं गाडीचा तोल वर जातो, इंजिनाला जोर अधिक लागतो, आणि वेगदर्शक कांटा खऱ्याहून कमी वेग दाखवूं लागतो, हें त्या विद्यार्थ्याला मला सांगावें लागलें.

आतां बावड्याकडे वळूं. गुऱ्हाळांच्या काळांत उंसाला फारसा प्रवास नसे. गुऱ्हाळ शेताच्या बांधावर. प्रवास करावयाचा तो गुळानें, तोही शाहू महाराजांनीं १८९५ सालीं वसविलेल्या शाहूपुरीच्या पेठेपर्यंत. १९३२ च्या कायद्यानें देशी साखरेला संरक्षण मिळालें, हिंदुस्थानांत ठिकठिकाणीं कारखाने निघाले, आणि हा क्रम उलटा झाला. बावड्याचा कारखाना पूर्वी कोल्हापूर शुगर मिल्स या नांवानें खासगी होता. पुढें तो छत्रपती राजाराम यांच्या नांवानें सहकारी झाला. साखरेच्या एका पोत्यासाठीं सुमारें दहा पोत्यांच्या वजनाचा ऊंस आणावा लागतो, आणि तोडलेला ऊंस पडून राहिला तर त्यांतली साखर घटूं लागते. म्हणून पुष्कळ ओझें आणि तेंही लवकर, अशी नवी निकड उत्पन्न झाली. १९३६ सालीं बंगालमध्यें साहागंज येथें डनलॉपचा कारखाना निघाल्यानें टायर देशांतच तयार होऊं लागले होते. उत्तरेकडे तर कित्येक ठिकाणीं अशा गाडीलाच डनलप म्हणतात. आमच्याकडे ती नुसती टायरगाडी. लोखंडी साटा, लोखंडी आंस, त्यांत बेअरिंग, आणि बहुधा मोटारींतून उतरलेले, पार गोटा झालेले टायर.

हें चाक रुंदीला मोठें पण उंचीला जुन्याहून बरेंच लहान, हें येथें ध्यानांत घ्यावें. साटा खालीं आल्यानें मोळ्या चढविणें सोपें झालें. बेअरिंगमुळें गाडी सुळकन् चाले. शेतांतील खांचा कमी झाल्या. सुताराचें व लोहाराचें एक काम मात्र गेलें.

बैलाचें काय झालें? सुधारणा झाली ती त्याचें ओझें हलकें व्हावें म्हणून, अशी माझी लहानपणची समजूत होती. ती कारखान्याच्या काट्यावर पुसली गेली. लांकडी गाडींत पाऊण-एक टन ऊंस येई. टायरगाडींत दोन टनांच्या पुढें भरूं लागले. चाकानें वांचविलेली शक्ति बैलाच्या पदरीं न पडतां मोळ्यांच्या थराखालीं गेली. १९६५ च्या केंद्रीय नियमांनीं ओढकाम करणाऱ्या जनावरांच्या ओझ्यावर मर्यादा घातली, तीही जनावराच्या आकाराबरोबर चाकाचा प्रकार पाहून. रबरी चाकाला अधिक ओझ्याची मुभा आहे. म्हणजे नियमानेंही ती शक्ति ओझ्याच्याच खात्यावर मांडली. शिवाय दोन चाकांच्या गाडीचा कांहीं भार नेहमीं मानेवर येतो. उतारावर जुनी गाडी कुरकुरत, अडत उतरे. सुळकन् चालणारी ही गाडी मागून लोटते, आणि तिला रोखावयाची ती बैलांनींच, मानेनें.

या गाडीबरोबर येणाऱ्या कुटुंबांबद्दल मी मास्तर म्हणून बोलतों. दसरा-दिवाळी उलटली कीं बीड, नगर या बाजूंचे ऊंसतोड कामगार येतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल हंगामभर फेडावयाची. मोकळ्या गाडींत भांडीं, धान्य, कोंबड्या, म्हातारी आणि मुलें. तळावर पाचट व चटयांची कोपी उभी राही. पहाटे तोड, दुपारीं मोळ्या भरणें, रात्रीं गव्हाणीच्या रांगेंत गाडीखालीं झोंप, आणि वाढे बैलांपुढें. त्यांचीं मुलें हंगामांत माझ्या वर्गांत येत. कांहीं आठवडाभर, कांहीं महिनाभर. एका वर्षीं एक मुलगा त्रैराशिकाचीं उदाहरणें फळ्याकडे न पाहतां सोडवी. किती मोळ्यांचा किती भार, हा हिशेब त्याला बापाबरोबर काट्यावर उभें राहून पाठ झाला होता. धाकट्या भावाला सांभाळावयाचें म्हणून माघ महिन्यांत त्याचें येणें थांबलें. पुढें साखरशाळा निघाल्या, आणि त्यांचा उपयोगही झाला. पण हंगाम संपला कीं शाळाही संपते, आणि गांवाकडच्या शाळेंत त्याचें नांव पटावर नुसतें उरतें.

२०२२ सालीं शेजारच्या सांगली जिल्ह्यांत, साखराळे येथील राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विद्यार्थ्यांनीं गाडीच्या जुंवाखालीं एक तिसरें चाक बसविलें. मानेवर येणारा भार तें जमिनीवर उतरवितें. त्याला त्यांनीं 'सारथी' असें नांव दिलें. चाकाच्या एवढ्या लांबलचक कथेंत नेमका बैलाच्या मानेचाच विचार करून जोडलेलें हें चाक मला फार आवडलें. मात्र आतां आमच्या रस्त्यावर ट्रॅक्टर अधिक. एकामागें दोन ट्रॉल्या, आणि वर मोळ्यांवर बसलेलीं माणसें. बैलांच्या घुंगरांऐवजीं रात्रभर ट्रॅक्टरवरचीं गाणीं ऐकूं येतात. गव्हाणीपुढची रांग पूर्वींइतकीच लांब आहे, आणि ट्रॉलीखालीं अंथरलेलें घोंगडेंही तेंच आहे.