दोन पाय, दोन पोट्टे

कळमेश्वरात एप्रिलच्या दुपारी वलणीवर टाकलेली चड्डी अर्ध्या तासात कडकडीत वाळते. म्हणून होळी झाली तशी मी सुनेला म्हटलं, आता या दोघांचे डायपर सोडू या. जुळे आहेत, मुलगा आणि मुलगी, तेव्हा सव्वादोन वर्षांचे. सून सकाळच्या बसने नागपूरला नोकरीला जाते, मुलगा एमआयडीसीत पाळीवर असतो. दिवसभर घरात ते दोघं आणि मी. पहिल्याच दिवशी पोरीला पायांवर घेऊन बसले, तोंडाने ‘शू… शू…’ चालू होतं, तेवढ्यात पोराने कूलरसमोर उभ्या उभ्या उरकून घेतलं. मला उठता येईना आणि त्याला थांबवता येईना. माझे पाय दोन, पण दोन्ही मिळून बसायची जागा एकच होते, हे त्या क्षणी लख्ख कळलं.

ही पायांची जागा मला सासूबाईंनी दाखवली. 1988 साली मुलगा झाला तेव्हा घरात पॉटी नावाची वस्तू नव्हती आणि तो शब्दही नव्हता. न्हाणीच्या कडेला पाटावर बसायचं, गुडघे थोडे उंच करायचे, दोन्ही पावलं बोटभर अंतर ठेवून जवळ आणायची. बाळाच्या मांड्या पावलांवर, पाठ नडग्यांना टेकलेली, आपले हात त्याच्या काखेत. दूध पिऊन झालं की एकदा, झोपेतून उठलं की एकदा. सासूबाई म्हणायच्या, “अवं, पोट्टं कुनमुन करते न, तवाच घे पायावर. कपडा वल्ला झाल्यावर घेऊन काय फायदा?” त्यांना ते कुनमुनणं स्वयंपाकघरातून ऐकू यायचं. मला जवळ बसूनही यायचं नाही. ते ओळखायला मला दोन महिने लागले.

कित्येक वर्षं मला वाटत होतं की ही आपल्याच बायकांची युक्ती. मग पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या डिगो लोकांबद्दल वाचलं. डीव्हरीज दांपत्याने 1977 साली त्यांच्यावर निबंध लिहिला. डिगो आई जमिनीवर पाय पसरून बसते, दोन-तीन आठवड्यांच्या बाळाला पायांमध्ये घेते आणि तोंडाने ‘शूस’ असा आवाज काढते. पाच-सहा महिन्यांची मुलं त्या आवाजाला, त्या बसण्याला ओळखून मोकळी होतात. अरबी समुद्राच्या पलीकडे जवळजवळ तीच बैठक आणि जवळजवळ तोच आवाज! वाचून मला सासूबाईंची फार आठवण आली.

आसनाबरोबर कापडाचीही गोष्ट आहे. आमच्याकडे जुन्या नऊवारी लुगड्याचे चौकोन फाडून दुपटी व्हायची आणि उरलेल्या पट्टीचा लंगोट. बाळाच्या कमरेच्या करदोड्यात ती पट्टी पुढून खोचायची, पायांमधून घेऊन मागे खोचायची. करदोडा दृष्टीसाठी बांधतात असं सगळे सांगतात, पण त्याचं रोजचं काम हे होतं. अशा लंगोटात काहीच लपत नाही. ओलं झालं की बाळाला कळतं, आईला कळतं आणि मांडीवर घेतलेल्या पाहुण्यालाही कळतं. पावसाळ्यात कापड वाळायचं नाही, तेव्हा निखाऱ्यावर ओवा आणि बाळंतशेप टाकून, वर टोपली पालथी घालून त्यावर दुपटी पसरायची. त्या उबदार, किंचित कडवट वासाची दुपटी मी आजही डोळे मिटून ओळखीन.

ही धुरी किती जुनी असावी? चरकसंहितेच्या शारीरस्थानात बाळाची खोली कशी असावी याचं वर्णन आहे. तिथे पाणी, उखळ, न्हाण्याची जागा, स्वयंपाकघर यांच्या जोडीने मलमूत्रासाठी जागाही सांगितली आहे. बाळाचे कपडे मलमूत्राने भरले तर टाकून द्यावेत, आणि दुसरे मिळण्यासारखे नसतील तर तेच नीट धुऊन, धुरी देऊन, कोरडे करून वापरावेत, असंही म्हटलं आहे. ‘दुसरे मिळण्यासारखे नसतील तर’ ही सवलत वाचून मला तो ग्रंथकार एकदम घरचा वाटला. ज्याने ती घातली, त्याने गरिबाचं घर पाहिलेलं होतं.

तिकडे अथेन्समध्ये मात्र इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात मातीची उंच बैठक होती. बाळ तिच्यात बसायचं, पाय पुढच्या भोकातून बाहेर. ती तिथल्या अगोरा संग्रहालयात आहे. म्हणजे पॉटीही काही कालची नाही.

पण मला वाटतं, आपल्याकडे भांड्यापेक्षा जमिनीने जास्त ठरवलं. माझ्या लग्नाच्या वेळी सासरी सारवलेली जमीन होती. पोराने शी केली की चुलीतली राख टाकायची, खापरीने उचलायची, त्या हातभर जागेवर शेणाचा हात फिरवायचा. शू तर जमीन पिऊन टाकायची. त्या जमिनीवर पोर दीड वर्षाचं होईपर्यंत उघडं फिरलं तरी कोणाचं काही बिघडत नव्हतं, रागवायला कारणच नव्हतं. पुढे शहाबादी फरशी आली, मग चकचकीत टाइल्स, गादीचा सोफा, सोफ्याखाली गालिचा. जमीन महाग होत गेली तसा पोराच्या एका थेंबाचा धसका वाढला. मी स्वतः पाहिलंय, एकच बाई मातीच्या घरात हसून राख आणते आणि टाइल्सच्या घरात पोराच्या पाठीत धपाटा घालते.

मोठ्यांच्या संडासाचा इतिहास याहून वेगळा आणि कष्टाचा. विदर्भाने या कामी दोन मोठी माणसं दिली. गाडगेबाबांनी हातात खराटा घेतला, आणि तुकडोजी महाराजांनी ग्रामगीतेत ग्रामशुद्धीवर अध्याय लिहिला. 2000-01 मध्ये राज्याने गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं, 2014 मध्ये स्वच्छ भारत आलं, आणि एप्रिल 2018 मध्ये ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त जाहीर झाला. या सगळ्यात लहान पोर बराच काळ हिशेबाबाहेर राहिलं. डबा घेऊन परसाकडे जाणं बंद झालं, पण बाळाची शी तशीच उकिरड्यावर किंवा नालीत जायची. लेकराच्या शीला काय दोष, असं आम्ही सगळ्याच म्हणत होतो. ते चूक होतं. लहान मुलाच्या शीतही रोगजंतू असतात, पुष्कळदा मोठ्यांपेक्षा जास्त. अंगणवाड्यांमध्ये छोट्या मुलांचे बुटके संडास बांधायची योजना संपूर्ण स्वच्छता अभियानात आली, तेव्हा कुठे या वयाची दखल घेतली गेली. मोठ्यांच्या संडासाचं भांडं दोन वर्षांच्या मुलाला विहिरीसारखं वाटतं. पाय ठेवायच्या दोन जागांमधलं अंतर त्याच्या ढांगेपेक्षा मोठं असतं. पोर घाबरून रडतं तेव्हा ते हट्ट करत नसतं.

आता अमेरिकेकडे वळते, कारण आपल्या घरात आज जे चालतं त्यातलं पुष्कळ तिथून आलंय. 1914 साली तिथल्या सरकारच्या बालक विभागाने आयांसाठी पुस्तिका काढली. त्यात बाळाला भांड्यावर बसवायला तिसऱ्या महिन्यापासून सुरुवात करता येईल असं लिहिलं होतं. म्हणजे आमच्या सासूबाई आणि वॉशिंग्टनचं सरकार तेव्हा एकाच मताचे होते! फरक वागण्यात होता. तिकडे पुढच्या वर्षांत घड्याळ आणि शिस्त यांचा जोर वाढला.

मग मर्टल मॅकग्रॉ या संशोधक बाईंनी जुळ्या मुलांना घेऊन पाहिलं. 1940 साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं. जुळ्यांपैकी एकाला अगदी तान्हेपणापासून दर तासाला भांड्यावर बसवलं, दुसऱ्याला दोन वर्षांचा होईपर्यंत अजिबात नाही. ज्याला शिकवलं नव्हतं तो, सुरुवात करताच, भावाच्या बरोबरीला आला. हजारो वेळा बसवण्याने मज्जासंस्था लवकर पिकली नाही. 1962 साली ब्राझेल्टन या बालरोगतज्ज्ञांनी 1,170 मुलांच्या नोंदी मांडल्या. मुलाची तयारी दिसल्यावर, घाई न करता शिकवलं, तर दिवसा कोरडं राहणं सरासरी साडेअठ्ठावीस महिन्यांना साधतं, असं त्यांना आढळलं.

मग डिगो बाळं आणि सासूबाई खोट्या का? नाही. पायांवर घेतलेलं तान्हं बाळ स्वतः जात नसतं, आई त्याला ओळखून नेत असते. तेही शिक्षणच आहे, पण त्यात निम्मी विद्यार्थिनी आई असते. स्वतःहून सांगणं, धरून ठेवणं, चड्डी खाली करणं, हे त्याचं शरीर तयार झाल्यावरच येतं.

मॅकग्रॉबाईंच्या जुळ्यांबद्दल वाचलं त्या रात्री मी रडले. 1990 साली माझ्या जावेचा मुलगा पावणेदोन वर्षांचा असताना सांगायला लागला होता आणि माझा सव्वादोनचा होऊनही सांगत नव्हता. चार बायकांत मला कमीपणा वाटला. मी त्याला मारलं, एकदा नाही, अनेकदा. तो कोपऱ्यात पडद्यामागे जाऊन शी करायला लागला, आणि मग चार-चार दिवस करेचना. तो मुलगा आज या जुळ्यांचा बाप आहे. त्याला यातलं काही आठवत नाही, पण मला ते विसरता येत नाही.

डायपरही मॅकग्रॉ-ब्राझेल्टन यांच्याच काळात अमेरिकेत वाढला. मॅरियन डोनोव्हन यांनी 1946 च्या सुमारास शॉवरच्या पडद्याच्या कापडापासून लंगोटावरचं जलरोधक आवरण शिवलं. 1961 साली पॅम्पर्स बाजारात आलं. पुढे आत पाणी शोषून त्याचा लगदा करणारी पूड आली आणि बाळाला ओलं कळेनासं झालं. आपल्याकडे 1990 च्या दशकात हगीज आलं. मराठी कानाला ते नाव इतकं जवळचं वाटलं, की आमच्याकडे कोणत्याही कंपनीचा असो, त्याला हगीजच म्हणतात. मी डायपरला नावं ठेवणार नाही. ज्या घरात दिवसा एकच माणूस आणि दोन बाळं आहेत, तिथे त्याने रात्रीची झोप दिली आहे. पण आमच्या दोघांना मिळून दिवसाला दहा-बारा डायपर लागायचे आणि त्यांची बांधलेली पिशवी घंटागाडीत टाकताना माझा हात दरवेळी अडखळायचा. शिवाय मुलांना आपण काय केलं हेच कळत नव्हतं. जे लंगोट पहिल्या महिन्यात शिकवायचा, ते आम्हाला सव्वादोन वर्षांनी पहिल्यापासून शिकवावं लागलं.

नागपूरच्या सीताबर्डीवरून दोन पॉट्या आणल्या, एक निळी, एक गुलाबी. दोघांनाही निळीच हवी. तीन दिवस त्या भांडणात गेले, मग सुनेने दुसरीही निळी आणली. जुळ्यांच्या घरी दोन घ्याव्यात आणि एकाच रंगाच्या घ्याव्यात. दोन्ही पॉट्या ओसरीवर शेजारी-शेजारी ठेवल्या. चड्ड्या काढून टाकल्या. दुधानंतर, झोपेतून उठल्यावर, बाहेर जाण्याआधी बसायचं, झालं तर टाळी, नाही झालं तर उठायचं. पोरगी नवव्या दिवशी आपणहून जाऊन बसली. पोरगा तिच्यासमोर उकिडवा बसून भांड्यात वाकून बघत राहिला. शेजारच्या बाई म्हणाल्या, “पोरगी हुशार आहे जी, पोरगा जरा मागं आहे.” मी त्यांना म्हटलं, “त्याच्यासमोर असं नका म्हणू.” आवाज थोडा चढलाच माझा. पुढे साडेतीन आठवडे तो नुसता बघत होता. मग एका सकाळी बहिणीला उठवून स्वतः बसला, आणि झाल्यावर भांडं दोन्ही हातांनी धरून मला दाखवायला स्वयंपाकघरात घेऊन आला. निम्मं वाटेत सांडलं. मी पुसलं, त्याचा मुका घेतला.

मे महिन्यात धापेवाड्याला एका लग्नाला गेलो. कार्यालयातला संडास काळोखा, भांडं खोल, पॉट्या घरी राहिलेल्या. पंगत बसायच्या वेळी पोरगी माझा पदर ओढायला लागली. “आजी, शू.” मी तिला मागच्या बाजूला नळाजवळच्या मोरीवर नेलं. ती थांबली, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाली, “आजी, पाय दे.” मी लग्नातलं लुगडं आवरून बसले, पावलं जुळवली. ती बसली. तिच्या मागून पोरगा आला होता. त्याने कोपऱ्यातला मग उचलला, नळाखाली धरला आणि आपली पाळी यायची वाट बघत तिथे उभा राहिला.