पांढरी

मराठवाड्यात पेरायची जमीन ती काळी आणि राहायची ती पांढरी. पांढरी पांढुरकी का, हे वर्गात विचारून पाहावे. ती पडलेल्या घरांची माती असते. भिंत ढासळते, माळवद खाली बसते, त्यात चुलीची राख, शेण, चुना, खापरे मिसळतात. कामाचे लाकूड आणि दगड लोक उचलून नेतात, उरलेला ढिगारा सपाट करून त्यावरच नवे घर बांधतात. असे शतकानुशतके चालले की गावाखाली टेकाड तयार होते.

केळना नदीकाठचे भोकरदन अशाच टेकाडावर वसले आहे. प्राचीन भोगवर्धन ते हेच. सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्यांच्या लेखांत हे नाव येते. १९७३ मध्ये नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी येथे उत्खनन केले, तेव्हा सातवाहनकालीन थर उघडे पडले. त्यात एका हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा भाग मिळाला. तशीच भारतीय मूर्ती १९३८ मध्ये इटलीतील पॉम्पेई येथे सापडली होती. पॉम्पेई इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली अचानक गाडले गेले आणि पुढे कित्येक शतके तसेच राहिले. भोकरदनला मात्र माणसे ढिगाऱ्यावरच नांदत राहिली.

ही रीत किल्लारीला तुटली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. मृतांचा आकडा आठ ते दहा हजारांच्या दरम्यान सांगितला जातो. भूकंप सुमारे ६.२ रिश्टरचा, जगात यापेक्षा मोठे भूकंप दर वर्षी अनेक होतात. मग इतकी माणसे का गेली? वीस चौरस मीटरच्या खोलीवर अर्धा मीटर माती असेल, तर ती दहा घनमीटर, म्हणजे सुमारे सोळा टन भरते. उन्हाळ्यात घर गार ठेवणारे हेच ओझे माणसांवर आले. भिंती दोन-अडीच फूट जाड होत्या खऱ्या, पण आतला आणि बाहेरचा असे दोन सुटे पदर, मध्ये माती आणि चिपा. दोन्ही पदरांना बांधणारे, आरपार जाणारे लांब दगड नव्हते. हादऱ्याने पदर फाकले. जिथे छत लाकडी खांब-तुळयांवर पेललेले होते, तिथे भिंती पडूनही काही सांगाडे उभे राहिले.

ढिगाऱ्यातून लोकांनी तुळया, दारे, भांडी काढली. दगडाची मात्र धास्ती बसली. जुन्या जागी राहणेही नको झाले. लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांतील ५२ गावे दुसरीकडे वसवली गेली, आणि जुन्या गावठाणांवर दगडांचे ढीग अन् काटेरी झुडपे उरली. ही धास्ती समजण्यासारखी आहे, पण माझ्या मते दोष दगडाचा नव्हता, बांधणीचा होता. उभ्या राहिलेल्या जुन्या घरांच्या मजबुतीकरणात भिंतीला भोके पाडून आरपार काँक्रीटचे सांधे भरण्याची पद्धत सुचवली गेली. दगड तेच राहिले.

नव्या गावांतली घरे लहान पडू लागली, तेव्हा लोकांनी जोडखोल्या काढल्या. त्यांत कुठे कुठे जुन्या गावाचे सामान परत आले. तुळया आल्या, मग दगडही. आरपारचा दगड घालायला सांगणारा गवंडी मात्र प्रत्येक ठिकाणी नव्हता.