क्रॉस, डबी आणि सनद

जुनी जर्मन लष्करी पदकं जमवणाऱ्यांच्या जगात मी गेली काही वर्षं डोकावतोय. विकत घ्यायची ऐपत नाही, पण लिलावांची सूचीपत्रं चवीने वाचतो. गंमत अशी की पदकाइतकाच खल डबीवर चालतो. १९३९ च्या पहिल्या वर्गाच्या आयर्न क्रॉसची डबी काळी, झाकणावर क्रॉसची चंदेरी रेघ, आत मखमल. दुसऱ्या वर्गाचा क्रॉस बहुधा कागदी पाकिटातच हातात पडायचा. आज ते पाकीटही लोक शोधत फिरतात!

हे पदक मुळात वेगळंच होतं. नेपोलियनविरुद्धच्या युद्धासाठी प्रशियाचा राजा तिसरा फ्रेडरिक विल्हेल्म याने मार्च १८१३ मध्ये ते सुरू केलं. तिजोरी रिकामी होती, लोक सोन्याचे दागिने देऊन बदल्यात लोखंडी घेत होते. म्हणून क्रॉसही लोखंडाचा, भोवती चांदीची कड. आणि साधा शिपाई असो की सेनापती, क्रॉस एकच. त्या काळात ही लहान गोष्ट नव्हती. पुढे १८७० ला आणि १९१४ ला तो पुन्हा काढला. पहिल्या महायुद्धात दुसऱ्या वर्गाचे पन्नास लाखांच्या आसपास वाटले गेले.

घेणाऱ्यांत ज्यूही होते. जवळपास एक लाख ज्यू जर्मनीकडून लढले, सुमारे १२ हजार मेले. १९१८ मध्ये हिटलरला पहिल्या वर्गाचा क्रॉस मिळावा म्हणून शिफारस करणारा लेफ्टनंट ह्यूगो गुटमन ज्यूच. पुढे त्यालाच देश सोडून अमेरिका गाठावी लागली.

१९३३ मध्ये ज्यूंना सरकारी नोकरीतून काढलं, तेव्हा राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्गच्या आग्रहाने आघाडीवर लढलेल्यांना सूट मिळाली. जुलै १९३४ मध्ये माजी सैनिकांसाठी नवा सन्मान-क्रॉस निघाला, तोही ज्यूंना मिळाला, म्हणजे नाझी सरकारच्याच हातून. १९३५ मध्ये सूट संपली. आणि जानेवारी १९४२ च्या वान्झे बैठकीचं इतिवृत्त काढून बघा. सगळ्या युरोपातल्या ज्यूंचा 'निकाल' लावायची ती बैठक. त्यात पहिल्या वर्गाचा आयर्न क्रॉस असलेल्या ज्यूंची वेगळी नोंद आहे : यांना थेरेझियनश्टाटला पाठवा. पदक सरकारच्या पक्कं लक्षात होतं. तिथून पुढे हजारोंना आउशविट्झला नेलं.

१९५७ मध्ये पश्चिम जर्मनीने कायदा करून दुसऱ्या महायुद्धातली पदकं घालायला परवानगी दिली, पण नाझी चिन्ह काढून. आयर्न क्रॉसवर त्या जागी ओकची पानं आली. तिथल्या लिलावांच्या सूचीपत्रांत आजही मूळ चिन्ह झाकून फोटो छापतात. झाकतात ते १९३९ च्या क्रॉसवर. १९१४ च्या क्रॉसवर झाकण्यासारखं काही नसतंच, तो सरळ विकला जातो.

व्यापारी अनेकदा संच फोडतात. पदक एकाला, डबी दुसऱ्याला, सनद तिसऱ्याला, असे पैसे जास्त येतात. मला राग येतो तो याचा. कारण सरकारने दिलेल्या क्रॉसवर नाव कोरायची पद्धत नव्हती. नाव असायचं ते फक्त सनदेवर.